चौथा पेड

होडीवरच्या बाकी सगळ्या दोऱ्या बाबा भिवंडीच्या बाजारातून आणत. नांगराचा दोर, शीड वर चढवायचा दोर, काठाला बांधायचे दोर, सगळे काथ्याचे. त्यांच्याबद्दल घरात कधी चर्चा झाली नाही. पण शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेली आणि दिवसभर माणसाच्या हातात राहणारी एक दोरी असते, तिला आमच्याकडे दामण म्हणत. ती मात्र घरात वळली जायची आणि ती वळायचा मान आईचा होता. वारा पडला की दामण ओढून धरायची, शीड ताठ होतं. वारा अंगावर आला की सैल सोडायची, शीड वारा टाकून देतं आणि होडी सरळ राहते. सुकाणू कुणीही धरेल, दामण धरायला माणूस लागतो, असं बाबा म्हणायचे. ते शिडाची होडी घेऊन खाडीतून रेती आणि विटा वाहायचे. आज कशेळीच्या पुलावर ट्रकच्या रांगेत अडकलेल्या माणसांना खाली पाणी आहे हेही आठवत नसेल, पण तेव्हा आमचं घर त्या पाण्यावर चालायचं.

दामणीची जाडी ही आमच्या घरातली गंभीर गोष्ट होती. बारीक झाली तर हात कापते, जाड झाली तर कप्पीतून धावत नाही. होडीच्या मागच्या बाजूला एक लाकडी कप्पी होती, गावच्या सुताराने शिसवीच्या तुकड्यातून कोरलेली, त्यातून दामण यायची आणि मग बाबांच्या मुठीत. आईला मापाबिपाची गरज नव्हती. ती तीन पेड घालायची, एक बाबांचा, एक खाडीचा आणि एक एकवीरेचा. बाबांच्या मदतीला दर साल एखादा गडी असायचा. त्याचा पेड कुठे, असं मी एकदा विचारलं तर आई म्हणाली, "त्याचा त्याच्या घरी वळतील. मी काय गावाच्या दोऱ्या वळू?" माणसागणिक पेड ही तिच्या माहेरची रीत होती आणि आईच्या माहेरच्या रीतींपुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नसे. तीन पेडांची दोरी बाबांच्या मुठीत नीट बसायची आणि कप्पीतून मोकळी धावायची. सुती दोरी पाण्याने फुगते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तीन पेडांची फुगूनही कप्पीत जागा उरायची, त्यामुळे ती किती फुगते हे कुणाला कधी बघावं लागलं नाही.

सूत यायचं भिवंडीहून. माझा थोरला भाऊ जनू तिथे एका कारखान्यात लूमवर होता. मागावरून उरलेलं, गाठी पडलेलं सूत कारखान्यात वेस्ट म्हणून कोपऱ्यात पडायचं, ते तो शेठला विचारून पिशवी भरून आणायचा. आई ते उन्हात पसरायची, गाठी सोडायची, आणि नारळी पौर्णिमेच्या आधी आठवडाभर अंगणात वळायचं काम चालायचं. दारच्या भेंडीच्या जुन्या झाडाच्या बुंध्याला एक टोक, दुसरं टोक माझ्या हातात. मी लाकडी दांडीने पीळ देत मागे मागे सरायची आणि आई पेड एकमेकांवर बसवत यायची. मला ते काम फार आवडायचं. आई एरवी सारखी करवादलेली असायची, दोरी वळताना मात्र गुणगुणायची. चुलीवर भात रटरटत असायचा, सुकट भाजल्याचा वास अंगणभर असायचा, आणि शेजारच्या बायका येताजाता म्हणायच्या, "येवढी मेहनत नवऱ्यासाटी? आमी तर बाजारातून आनतो." आई त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. हे लिहिताना माझ्या तळव्यांना त्या दांडीचा खरखरीतपणा जाणवतो आहे, आणि खरं सांगायचं तर नको वाटतो आहे.

जनू दिसायला बाबांसारखा, उंच आणि जरा पोक काढून चालणारा, पण जीभ आईची. मला तो "मास्तरीणबाई" म्हणायचा, कारण मी वर्गात पहिली यायची आणि घरात सगळ्यांचं बोलणं सुधारायची. मी पुढे खरंच शिक्षिका झाले. माझी भाषा शिकवून शिकवून पुस्तकी झाली, आता नातेवाईक म्हणतात, सुमन आपल्यातली वाटत नाही. जनूला निवट्यांचं कालवण लागायचं. ओहोटीला चिखलात उड्या मारणारे ते मासे तो स्वतः पकडून आणायचा आणि आईच्या मागे लागून चिंच घालून करायला लावायचा. लूमच्या ड्युटीवरून आला की त्याच्या केसांत, भुवयांत कापूस असायचा आणि तो मोठ्याने बोलायचा. घरात आपण ओरडतो आहोत हे त्याला कळायचं नाही. त्याच्याबरोबरचे उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर हिंदीत काहीबाही शिकवायचे, ते तो जेवताना आम्हाला ऐकवायचा आणि आई म्हणायची, "गप जेव, घास अडकंल."

त्या साली जनूने लूम सोडला. कारण एवढंच की त्याला ते सहन होईना. "आई, झोपेत पन माग चालतंय डोक्यात," तो म्हणाला. "बाबाचा गडी गेलाय. मी जातो होडीवर." आईने आकाशपाताळ एक केलं. तिच्या दृष्टीने लूम म्हणजे छप्पर, कोरडी जमीन आणि घरी परत आलेला मुलगा. तिचा स्वतःचा भाऊ खाडीत गेला होता. ती गोष्ट ती कधी बोलत नसे, पण बाबा उशिरा आले की दारात उभी राहून खांबाला नखं लावायची, त्या खुणा खांबावर होत्या. बाबा मध्ये पडले नाहीत. त्यांना मुलगा होडीवर हवा होता हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि आईसमोर ते दिसू नये म्हणून ते गोठ्यात जाऊन बसले. दोन दिवस आईने चूल पेटवली पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सुताची पिशवी उघडून अंगणात बसली. तेव्हा आम्हाला कळलं की तिने मान्य केलं.

जनूच्या डोक्यात मात्र नायलॉन होतं. तेव्हा ते नुकतंच सगळीकडे दिसायला लागलं होतं. तो मला घेऊन भिवंडीच्या बाजारात युसूफचाचांच्या दुकानात गेला. युसूफचाचा कोकणी मुसलमान, त्यांच्या आजोबांची गलबतं होती असं ते सांगायचे, आता दोर, सुतळी आणि ताडपत्र्या विकायचे. बाबांना ते लहानपणापासून ओळखत. जनूने निळ्या नायलॉनचं वेटोळं हातात घेतलं. करंगळीएवढी जाड दोरी. "चाचा, ही तुटंल का?"

"तुझी होडी तुटेल, ही नाय तुटनार," चाचा म्हणाले. "पन जनू, दोरी नुसती ताकदीला घेतात का? ताकदीला बारीक चालते, हाताला जाड लागते. ही तुझ्या बापाचा हात सोलून काढील. आणि पानी लागलं की सटकते."

"मग ह्याच्यापेक्षा जाड द्या."

"जाड हाय ना. पन ती तुमच्या कप्पीतून जायला पायजे. जा, ही थोडी घेऊन जा, बापाला धरून बघू दे."

घरी बाबांनी ती खांबाला अडकवली आणि जनूला दुसरीकडून ओढायला सांगितलं. जनूने जोर लावला, बाबांनी हळूहळू सोडली. मग मूठ उघडून आम्हाला दाखवली. तळव्यावर लाल पट्टा उठला होता. "दोरी ब्येस हाय," ते म्हणाले, "पन माझ्या हाताला न्हाय जमणार." जनू म्हणाला, "तुमच्या न्हाय तर माझ्या हाताला जमंल." तेवढ्यात आईने ती दोरी त्याच्या हातातून काढून घेतली, दोन बोटांत धरली आणि उजेडात बघितली.

"ह्याच्यावर मी माझा पोरगा सोडू?" ती म्हणाली. "ही काय दोरी हाय? पतंगाचा मांजा हाय."

"आई, जाड असली म्हनजे घट्ट असती असं न्हाय गं."

"मला नको शिकवू. तू होडीवर जातंस ना, जा. पन माझ्या दोरीवर जायचं."

ते वेटोळं नंतर खुंटीला लटकलं. पुढे कितीतरी वर्षं आमचे कपडे त्या निळ्या दोरीवर वाळत होते.

आईने चौथा पेड घातला. जनूचा. त्याला रीतीने पेड मिळालाच पाहिजे होता, त्याबद्दल कुणाच्या मनात काही नव्हतं. तीन पेड एकमेकांत नीट बसतात, चार बसवले की मध्ये पोकळी राहते आणि एखादा पेड आत घुसतो. आईला ते पहिल्या हाताच्या अंतरावरच कळलं. तिने सगळं उसवलं आणि मधल्या पोकळीत सुताचा एक गाभा घालून चार पेड त्याच्याभोवती वळले. दोरी फार सुरेख झाली. गोल, भरदार, एकसारखी. मी आजवर तशी दोरी पाहिलेली नाही. शेजारच्या बायकांनीही हात लावून बघितला आणि या वेळी बाजाराचं नाव काढलं नाही. आई संध्याकाळी तिचं वेटोळं मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती आणि बोटं फिरवत होती. "जनूचा पेड कुठला, कळतोय का गं?" तिने विचारलं. मला कळत नव्हता. सगळे सारखेच होते. मी उगाच एकावर बोट ठेवलं आणि ती हो म्हणाली.

नारळी पौर्णिमेला दामणीला हळदकुंकू वाहिलं. पुजलेल्या दामणीला होडी पाण्यात जाईपर्यंत पाणी लावायचं नाही, हीही आईच्या माहेरची रीत. त्यामुळे बाबांनी ती कोरडीच कप्पीतून ओवली. मी काठावर नारळ धरून उभी होते. दोरी गेली, पण नेहमीसारखी घरंगळत नाही, थोडी ढकलावी लागली. बाबांनी दोनदा मागेपुढे करून बघितली. "जरा घट्ट हाय," ते म्हणाले. जनू हसला. "नवी हाय म्हनून. वापरून बारीक व्हईल." नवी दोरी ताणून बारीक होते हे खरंच आहे. बाबांनी कप्पीकडे बघितलं, मग काठावर उभ्या असलेल्या आईकडे बघितलं. ती हात जोडून उभी होती. "होईल, होईल," ते म्हणाले. सुताराकडून मोठी कप्पी करून घ्यायची असंही ठरलं. सुतार गणपतीच्या मखरांच्या कामात होता. गौरी गेल्या की देतो म्हणाला.

मी त्या दिवसांबद्दल फार विचार केला आहे आणि त्यातून काही हाती लागत नाही, हे आता लिहून टाकते. लोक म्हणतात काळ हे औषध आहे. त्यांच्या घरी काय घडलं होतं मला माहीत नाही.

गौरी जायच्या आधीच ते झालं. दुपारची वेळ, होडी रेतीने भरलेली, काल्हेरच्या बाजूला वळणावर. सकाळपासून सर येऊन जात होती, दामण भिजत होती. बाबांनी मला जे नंतर सांगितलं, आणि तेही एकदाच, ते असं. वारा एकदम फिरून अंगावर आला. त्यांनी दामण सोडली. मूठ उघडली, पण दोरी गेली नाही. कप्पीत गच्च बसली होती. शीड तसंच ताठ राहिलं आणि होडी आडवी व्हायला लागली. जनू उठला, कप्पीशी गेला आणि दोन्ही हातांनी दोरी आत ढकलायला लागला. बाबा कोयत्यासाठी पुढे धावले. कोयता नेहमी पुढेच असायचा, नांगराशी. ते परत येईपर्यंत पाणी आत आलं होतं. त्यांनी दोरी तोडली. शीड सुटलं, पण तोवर जनू पाण्यात होता आणि शीड त्याच्यावर पडलं.

तो संध्याकाळच्या ओहोटीला सापडला. त्याविषयी मी लिहिणार नाही.

बाबांना लोकांनी धरून घरी आणलं. ते चिखलाने माखलेले होते. अंगणात गर्दी होती. आई त्यांच्यासमोर आली. ती रडत नव्हती. तिने एकच विचारलं, "काय झालं?" बाबांनी तिच्याकडे बघितलं, आणि मी बाजूलाच असल्यामुळे मला दिसलं की त्यांना उत्तर माहीत होतं आणि ते देणं त्यांना शक्य नव्हतं. "दोरी तुटली," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, कुणी विचारलं नव्हतं तरी, "सूत कुजकं होतं. कारखान्याचं सूत. त्याला कोन काय करनार?"

त्यांना वाटलं त्यांनी तिला वाचवलं. दोरी अडकली म्हटलं असतं तर आईला कळायला क्षणही लागला नसता. तिने स्वतःच्या हाताने घातलेला, मुलाच्या नावाचा पेड. त्या एका पेडाने आणि त्याच्यासाठी घातलेल्या गाभ्याने दोरी जाड झाली, भिजून फुगली आणि त्याला घेऊन गेली. हे तिला कळू नये म्हणून बाबांनी सुतावर ढकललं. बाबा साधा माणूस होते, त्यांनी आयुष्यात दुसरं खोटं बोललेलं मला आठवत नाही, आणि हे त्यांना नीट जमलं नाही. कारण आईने सुताचं ऐकलंच नाही. तिने एवढंच ऐकलं की दोरी तुटली. म्हणजे दोरी कमी पडली. म्हणजे तिने बारीक वळली.

दोन दिवसांनी लोकांनी होडी ओढून काठाला लावली. बाबा तिच्याकडे जायला निघाले तेव्हा मी मागून गेले, त्यांना एकटं सोडायला नको म्हणून. होडी चिखलात कलून पडली होती. मागच्या बाजूला कप्पी होती आणि कप्पीत दामण. अजून ओली, अजून फुगलेली. दोन्ही बाजूंनी टोकं लोंबत होती, शिडाकडच्या टोकाला कोयत्याचा स्वच्छ घाव. मी दोरीला हात लावला आणि ओढली. हलली नाही. मी पाय लावून ओढली. बाबा बघत होते. मग त्यांनी मला बाजूला केलं, कोयता घेतला आणि कप्पी लाकडापासून तोडायला लागले. बराच वेळ ते घाव घालत होते. शेवटी ती सुटली तेव्हा त्यांनी कप्पी, दोरी, सगळं लांब खाडीत फेकलं. "सुमे," ते म्हणाले, "आईला मी सांगितलंय दोरी तुटली. तू कायी बोलू नको." मी मान हलवली. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते, आणि मला तो शहाणपणाच वाटला होता.

बाबा परत होडीवर गेले नाहीत. होडी विकली आणि राहनाळला एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले. घरात निवट्या शिजणं बंद झालं. आईने जनूचं नाव घेणं सोडलं नाही, उलट ती रोज घ्यायची, पण एकाच वाक्यात. "आणखी एक पेड घालायला पायजे होता." भाकरी थापताना, न्हाणीतून बाहेर येताना, शेजारणीशी बोलता बोलता मध्येच. "आणखी एक पेड घालायला पायजे होता. माझ्या मनात आला होता. मी कंटाळा केला." तिने कंटाळा केला नव्हता. मी टोक धरून उभी होते, मला माहीत आहे. सुरुवातीला मी म्हणायची, आई, दोरी चांगली होती. ती म्हणायची, चांगली असती तर तुटली असती का? त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते तिला देता येण्यासारखं नव्हतं. एका अपराधातून सोडवायचं तर दुसऱ्यात ढकलावं लागत होतं, आणि दुसरा अधिक वाईट होता. तो खरा होता.

मग घरातलं सगळं जाड व्हायला लागलं. विहिरीच्या बादलीची दोरी तिने दुप्पट जाडीची वळली, ती रहाटावर बसेना, आम्ही हाताने पाणी शेंदायचो. म्हशीचं दावं एवढं जाड की गाठ बसायची नाही आणि म्हैस सुटून रस्त्यावर जायची. माझ्या दप्तराचे बंद तिने तीनतीनदा शिवले. लोक हसायचे. काही दिवसांनी हसायचे थांबले. बाबा ते सगळं बघत राहायचे. गोडाऊनवरून यायचे, हातपाय धुवायचे, ओट्यावर बसायचे, आणि आई समोर सूत घेऊन बसलेली असायची. ते दोघं एकमेकांशी प्रेमाने वागायचे, आधीपेक्षा जास्त. बाबा तिला पाण्याचा तांब्या आणून द्यायचे. ते बघणं मला सगळ्यांत कठीण जायचं. कॉलेजच्या निमित्ताने मी ठाण्याला मावशीकडे राहायला गेले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे.

माझं लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मुलगा झाला. आमच्याकडे पहिल्या मुलाच्या पाळण्याची दोरी मुलीच्या माहेरची. बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी आईने सूत काढलं. ती तेव्हा वाळून गेली होती, पण हात तसेच होते. मी बाजेवर बाळाला घेऊन पडलेली, त्यामुळे टोक धरायला कुणी नव्हतं. तिने बाबांना हाक मारली. "या इथं. पीळ द्या." बाबांनी तिच्यासाठी कधी पीळ दिलेला नव्हता. ते उठले, दांडी हातात घेतली आणि उभे राहिले. मला उघड्या दारातून दोघंही दिसत होते.

आईने तीन पेड घातले. मग चौथा. गाभा घातला. मग पाचवा घेतला. कुणाचे पेड होते ते तिने सांगितलं नाही. बाळ माझ्या अंगावर झोपलं होतं. पाळण्याची कडी वर आढ्याला होती, जनूच्या वेळचीच, आणि एवढी दोरी तिच्यातून जाणार नव्हती हे इथून मला दिसत होतं, बाबांनाही दिसत असणार. तिने सहावा घेतला तेव्हा बाबांचा हात थांबला.

"पुरे झाले," ते म्हणाले.

"बारीक नको. तवा बारीक झाली."

बाबांनी दांडी सैल सोडली. मग म्हणाले, "ती दोरी तुटली न्हवती."

मी उठून बसले. बाळ हललं. आईने हातातला पेड खाली ठेवला नाही, पण वळायची थांबली. "मग काय झालं?" तिने विचारलं. तेच शब्द, त्या दिवसाचे. बाबांनी तोंड उघडलं. त्यांनी तिच्या मांडीवरच्या दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं की हो, मला आजही सांगता येणार नाही. पुढचं वाक्य फक्त तीन शब्दांचं होतं. ती जाड होती. ते वाक्य त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं, आणि ते परत आत गेलेलंही पाहिलं.

 आईच्या चेहऱ्यावर माया आली. कित्येक वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती. "राहू द्या," ती म्हणाली. "येवढी वर्सं खरं बोललाव. आता घरात पोर आलंय, मला बरं वाटावं, म्हनून खोटं बोलता. मला कळतं." तिने पेड बसवला. "धरा नीट. सैल पडतंय."

बाबांनी दांडी घट्ट धरली आणि पीळ द्यायला लागले.

दोरी कडीतून गेलीच नाही. आईने ती थेट आढ्याभोवती फिरवून बांधली, दोघा पुरुषांकडून गाठ आवळून घेतली, आणि पाळणा लोंबकळायचा सोडून जवळजवळ ताठ उभा राहिला. बायकांना झोका देता येईना. त्या पाळणा म्हणत राहिल्या आणि माझा मुलगा न हलता झोपला. आई बाजूला उभी राहून वर गाठीकडे बघत होती. बाबा बारशाला घरात थांबले नाहीत, ड्युटी आहे म्हणून गेले. त्यांना सुट्टी होती.

आता दोघंही नाहीत. आमच्या जुन्या घराच्या जागेवर गोडाऊन आहे आणि मी काल्हेरला एका बिल्डिंगमध्ये राहते. खाली ट्रकवाले निळ्या नायलॉनने ताडपत्री बांधतात, करंगळीएवढी दोरी, आणि ती कधी तुटल्याचं मी ऐकलेलं नाही. पाळण्याची दोरी माझ्याकडे माळ्यावर आहे. पाळणा मोडला, मुलाला मूल झालं, ती तशीच आहे, एक धागा विरलेला नाही. दिवाळीची साफसफाई करताना दर साल ती हातात येते. आई असती तर म्हणाली असती, बघ, जाड वळली की अशी टिकते. आणि मी हो म्हटलं असतं.